न्हाणीमागचं फूल

वारतिनीला वाट बघत बसणं जमत नसे, आणि धंदा तर सगळा वाट बघण्याचाच. मुंतिलानच्या बाजारात ती कबरींवर वाहायची फुलं विकायची. गुलाबाच्या पाकळ्या, मोगरा, पिवळसर केनांगा, पांढऱ्या सोनचाफ्याच्या कळ्या, असं सगळं केळीच्या पानांच्या द्रोणांत भरून ठेवायचं आणि गिऱ्हाईक येईपर्यंत बसायचं. पण तिचे द्रोण या ओळीतून त्या ओळीत जात. पाकळ्यांवर पाणी शिंपडून झालं की जास्त झालं म्हणून ती त्या झटकत राही. शेजारी खवलेलं खोबरं विकणारी जाडजूड बाई बसायची. ती म्हणायची, "अगं, तुझ्या बुडाखाली कुणी निखारे ठेवलेत का? तुझ्याकडे बघून मलाच दम लागतो."

फुलांच्या बाबतीत मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. डोळे मिटून नुसत्या वासावरून ती फूल ओळखायची आणि ते आजचं की कालचं हेही सांगायची. गिऱ्हाईक नसलं की बाजारातल्या बायका तिचे डोळे झाकून नाकाखाली काही काही धरत. एकदा कुणीतरी सुकी मासळी धरली. "हे समुद्रात फुलतं," वारतिनी चेहरा न हलवता म्हणाली. पुढे बरेच दिवस बाजारात मासळीला समुद्रफूल म्हणत होते.

मुलगी एकच, विदुरी. तिचं तुरी गावच्या बायूशी जमलं होतं. त्या घरच्या सलाकच्या, खवलेदार सालीच्या त्या फळाच्या, मोठ्या बागा होत्या, पक्कं घर होतं. पोरांचं आपापसात ठरलेलंच होतं. आता मुलाकडच्यांनी रीतसर येऊन मागणी घालायची, एवढंच उरलं होतं. रविवार ठरला. पण वारतिनीला धास्ती होती ती मुलाच्या आईची. बू रेत्नो, म्हणजे रेत्नोबाई, फार जपून बोलणारी, फार नीटनेटकी बाई. मागे बायूसाठीच एक मुलगी बघून आल्या होत्या आणि जन्मवारांची बेरीज जुळत नाही म्हणून सांगून मोकळ्या झाल्या होत्या. आमच्याकडे नकार असाच देतात. कुणी कुणाला नावं ठेवत नाही. चहा पितात, घर छान आहे म्हणतात, आणि आठवड्याने बेरीज चुकते.

विदुरी आणि बायूची बेरीज वारतिनीने तीन ठिकाणी करून घेतली होती आणि तिन्ही ठिकाणी जुळली होती. तरी तिला झोप नव्हती. बेरीज पुन्हाही करता येते, हे तिला माहीत होतं. शिवाय पहिल्याच भेटीत, तुमच्या माहेरी काय पिकतं असं बू रेत्नोंनी सहज विचारलं, तेव्हा ती भात म्हणून गेली होती. तिचं माहेर गुनुंग किदुल. चुनखडीचे कोरडे डोंगर, पाण्याच्या नावाने ओरड. तिथे भात पिकतो म्हणणं म्हणजे जरा जास्तच होतं. पण लग्न होऊन या हिरव्या मुलखात आल्यापासून ती सगळ्यांना तेच सांगत आली होती. सासू असेपर्यंत हसून म्हणायची, "हो, हो, गुनुंग किदुलचा भात. दाताखाली दगड लागतो तोच ना?"

रविवारसाठी मोठा स्वयंपाक होता. चिकट तांदळाच्या पांढऱ्या वड्या, ताडगुळाचा वाजिक, कोंबडी. घरातली चूल पुरणार नव्हती, म्हणून न्हाणीच्या मागे दुसरी मांडावी असं तिच्या मनात आलं. त्या बाजूला ती एरवी फिरकत नसे. नवरा सुजाद दगडी खल घडवायचा आणि दगडाच्या चिपांचा ढीग तिथे टाकायचा. ढिगापलीकडे बांबूचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे नणंद पोनिरा. न फिरकण्याचं खरं कारण दगड नव्हते.

चिपा बाजूला सारताना तिला ते दिसलं. कोरड्या जमिनीतून मूठभर काहीतरी वर आलं होतं. गुलाबीसर, तपकिरी, टोकदार, एकावर एक घट्ट गुंडाळलेलं. ना पान, ना देठ. जमिनीखालून कुणी केळफूल वर ढकलावं तसं.

"अहो, इकडे या जरा. हे तुम्ही लावलंत?"

"मी दगड लावतो," सुजाद लांबूनच म्हणाला. मग येऊन वाकला. "अळंबी असेल."

"अळंबी अशी असते?"

"मग तूच सांग. फुलवाली तू आहेस."

हे तिला लागलं. ती खाली बसली, नखाने टोक जरासं ओरबाडलं, हुंगलं. मातीचा वास. बाकी काही नाही.

विदुरी आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आई, राफ्लेसिया आहे. शाळेच्या पुस्तकात चित्र होतं. सुमात्राच्या जंगलात फुलतं."

"आणि सुमात्राहून आपल्या न्हाणीमागे बोटीने आलं वाटतं."

"आई, मी सांगतेय तर तू..."

"जा, तांदूळ निवड."

दुसऱ्या दिवशी तिने बाजारात खोबरेवालीला वर्णन करून सांगितलं. खोबरेवालीने बराच विचार केला. "जमिनीतून केळफूल? म्हणजे तू केळ उलटी लावलीस." ओळीतल्या सगळ्या बायकांना विचारून झालं. एक म्हणाली हळदीचं फूल, एक म्हणाली आल्याच्या जातीतलं. वारतिनीला दोन्ही फुलं चांगली ठाऊक होती. हे ते नव्हतं. गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना तिचा हिशेब चुकला. घरी आल्यावर डोक्यावरची टोपली न उतरवताच ती आधी न्हाणीमागे गेली. ते हातभर वर आलं होतं.

शुक्रवारी दुपारी ते उघडलं. तिने पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं. सुपाएवढं रुंद, काळपट लाल, कडेला झालर असलेलं, जणू कुणी लुगडं जमिनीवर पसरून बसलंय, आणि मधोमध सुरकुतलेला जांभळा गोळा, ओला, चकचकीत. एवढ्या फुलांत आयुष्य गेलं, पण फुलाकडे बघून अंगावर काटा येण्याची ही पहिलीच वेळ.

संध्याकाळी वास सुटला.

आधी सुजादला वाटलं छपरात उंदीर मेला. त्याने शिडी लावली, कौलं उचलली, काही सापडलं नाही. मग गटार उपसलं. वारतिनी नुसती अंगणात उभी होती. वास कुठून येतोय हे तिच्या नाकाने केव्हाच सांगितलं होतं. तिचाच विश्वास बसत नव्हता. फुलाला असा वास असतो? कुजलेल्या मांसाचा, भर उन्हात पडलेल्या मेलेल्या जनावराचा? माशा घोंघावत होत्या. शेजारची बू सुलिस तोंडाला ओढणी लावून आली आणि दारातूनच विचारती झाली, "काही मेलंय का गं तुमच्याकडे?"

वारतिनीने तिला मागे नेऊन दाखवलं. बू सुलिस बराच वेळ बघत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तू लावलंस?"

"नाही."

"त्यांनी?"

"नाही."

"न लावता उगवतं ते पाठवलेलं असतं, वारतिनी. खाली काहीतरी पुरलंय कुणीतरी. मागणीच्या आठवड्यातच बरं उगवलं! आणि कुंपणाच्या इतक्या जवळ..." तिने कुंपणाकडे बघितलं आणि ओढणी सारखी केली.

कुंपणावर एक पांढरा सोनचाफा होता. सासूने लावलेला. सासू गेली, जमीन वाटली गेली, तेव्हा खोड या बाजूला आलं आणि अर्ध्या फांद्या त्या बाजूला. कळ्या मात्र उजाडायच्या आत वारतिनी उतरवायची, दोन्हीकडच्या. पोनिरा बरीच वर्षं काही बोलली नाही. मग रमजानच्या आधी, कबरींना फुलं वाहायच्या दिवसांत, जेव्हा कळीला सोन्याचा भाव येतो तेव्हा, एकदा कुंपणाशी येऊन म्हणाली, "वहिनी, या झाडाचं तुला पचायचं नाही."

"मी कळ्या खात नाही, विकते," वारतिनी फांदीवरूनच म्हणाली होती. तेव्हा तिला स्वतःच्या उत्तराचं हसू आलं होतं. आता पोनिराचं ते वाक्य आठवलं आणि तिने कुंपणाकडे पाठ केली.

शनिवारी सकाळपासून शेजारणी मदतीला आल्या. बोलावण्याची पद्धत नाही. घरात कार्य असलं की बायका आपापला चाकू घेऊन येतात. आज त्या चाकूबरोबर ओढण्याही घेऊन आल्या होत्या. वास मारायला बू सुलिसने निखाऱ्यांवर कॉफीची पूड टाकली, त्यामुळे मढ्याच्या वासात जळक्या कॉफीचा वास मिसळला आणि दोन्ही जास्तच वाटू लागले. नवी चूल अर्थातच पुढच्या अंगणात मांडावी लागली.

पोनिरा आली ती खांद्यावर तिचं लांब लाकडी उलथनं घेऊन. वाजिक ढवळावा तिनेच. गावातल्या कुठल्याही कार्यात तो तिच्याकडेच असायचा. ताडगुळाचा पाक कधी धरायचा, तांदूळ कधी टाकायचा, हे तिच्या मनगटाला कळायचं. ती नेहमीसारखी कढईशी जाऊन उभी राहिली.

"पोनिरा," वारतिनी म्हणाली. तिला आपलाच आवाज परका वाटला. "आज बू सुलिस ढवळतील. तू केळीची पानं पूस."

चुलीशी कुणीतरी हसत होतं ते थांबलं. केळीची पानं पुसायला लहान मुलींना बसवतात. पोनिराने वहिनीकडे पाहिलं, मग हातातल्या उलथन्याकडे. ते भिंतीला टेकवून ठेवलं आणि पानांच्या ढिगाशी जाऊन बसली. दुपारभर ती पानं पुसत होती. एकेक पान, दोन्ही बाजूंनी. जाताना एवढंच म्हणाली, "वहिनी, पानं झाली."

बायका गेल्यावर सुजाद आत आला. दगडाच्या धुळीने त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"माझ्या बहिणीला पानं पुसायला बसवलंस?"

"मग तिच्या हातचं विहिणीला वाढू?"

"ती काय विष घालणार आहे?"

"मी असं म्हटलं का?"

"म्हणायचं काय ठेवलंस? सगळ्या गावाने ऐकलं."

"आणि मागे जे उगवलंय ते? ते तुम्ही ऐकलं नाही, हुंगलं तरी असेल ना?"

सुजाद भुवयांवरची धूळ झटकू लागला. दारात विदुरी उभी होती, डोळे सुजलेले. "निरोप पाठवूया का? रविवार नको, पुढचा ठेवूया म्हणून?"

"पाठव," वारतिनी म्हणाली. "मग बघ कशी बेरीज चुकते ती."

शेवटी सुजाद कार्सो आजोबांकडे जाऊन आला. ते मांत्रिक, भूत उतरवायचे, हरवलेली म्हैस सांगायचे. ते सकाळी लवकर येतील, मीठ टाकून, मंत्र म्हणून ते काढतील, आणि पाठवलं कुणी तेही सांगतील, असं ठरलं. तोवर कुणी हात लावायचा नाही. वारतिनीला नाव ऐकायचं होतं आणि ऐकायचं नव्हतंही. विदुरीचं सुख त्या काळ्या-लाल झालरीखाली पुरलेलं आहे, असंच तिला वाटत होतं, आणि ते उकरून काढल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडणार नव्हतं.

रविवारी उजाडलं. कार्सो आजोबांचा पत्ता नव्हता. तिने अंगण झाडलं. ओटा पुसला. चहाचे पेले पुसून पालथे घातले, मग सुलटे केले, पुन्हा पालथे घातले. रस्त्यावर जाऊन बघून आली. पाहुणे दहाच्या सुमारास येणार, आणि वास अजून होताच. कालच्याइतका नाही, पण होता. सुजाद नवा सदरा शोधत होता. वारतिनीने कोपऱ्यातली पहार उचलली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि न्हाणीमागे गेली.

पहिल्याच घावाला फूल एका अंगाला कलंडलं. रात्रीतून ते मऊ पडलं होतं, हातात धरलं तर बुळबुळीत. तोंडाने बिस्मिल्ला म्हणत ती खणत गेली. चिंध्या निघतील, केस निघतील, खिळे निघतील, अशी तिने मनाची तयारी केली होती. पहार कशात तरी रुतली. तिने दोन्ही हातांनी माती उकरली, खाली बोटं घातली आणि ओढून काढलं.

गोल होतं. चपटं, काळपट, परातीएवढं, अंगावर वळ्या आणि कडेने मसांसारख्या गाठी. पहार लागली होती तिथून पांढरट गुलाबी गर दिसत होता. ती ते मांडीवर घेऊन बघत राहिली. आणि तेवढ्यात हात खाजायला लागले.

आधी बोटांच्या बेचक्यांत. मग तळहात, मग मनगट. मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखी ती खाज वर चढत गेली, आणि वारतिनीचा चेहरा हळूहळू बदलला. ही खाज तिच्या ओळखीची होती. तिला राख दिसली, राखेत घोळलेले काप दिसले, आईचे सुजलेले हात दिसले. दगडी उतारावरचं घर, चुलीवर वाफ, सगळी भावंडं चुलीभोवती, आणि मिठाखोबऱ्याबरोबर गरम गरम तोंडात टाकलेला तुकडा. ओठ खाजायला लागले की आई म्हणायची, "रडू नका. गिळा." भाताचा दाणा घरात नसलेल्या त्या महिन्यांत हेच होतं.

सुरण.

त्याचं छत्रीसारखं पान तिला ठाऊक होतं, ठिपक्यांचा दांडा ठाऊक होता, कंद तर डोळे मिटूनही ओळखला असता. फूल मात्र तिने जन्मात पाहिलं नव्हतं. फुलायला सुरणाला जमिनीत वर्षानुवर्षं राहावं लागतं. त्यांच्या घरी पान वाळलं की दुसऱ्या दिवशी तो ताटात यायचा.

"हात लावलास?" मागून आवाज आला. कार्सो आजोबा आले होते, हातात मिठाची पुडी आणि धूप. त्यांच्या मागे सुजाद, बू सुलिस, आणखी दोघी-तिघी. कुंपणाच्या फटीत पोनिरा उभी होती, पाहुण्यांसाठी स्वतःच्या घरचे चांगले पेले ताटात मांडून. "माझी वाट बघायची होती ना!" आजोबा म्हणाले.

"आजोबा, मला..."

"गप्प बस. खाली ठेव ते." ते दोन पावलं लांबच थांबले आणि मान हलवली. "गोल आहे. मुंडक्यासारखं. हे आपोआप येत नाही. पुरलंय. आणि लांबून येऊन कुणी पुरलेलं नाही." त्यांनी डोळे मिटले. "बाईचा हात आहे."

कुणीही पोनिराकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी एकदमच दुसरीकडे पाहिलं, सुजादनेसुद्धा. पोनिरा एका हाताने ताटातले पेले सारखे करू लागली.

वारतिनीला वाटलं, गप्प राहावं. कंद नदीत टाकता येईल. पाहुण्यांना उंदीर मेला होता म्हणून सांगता येईल. बेरीज जुळलेलीच आहे. माहेरचा भात आहे तसा राहील. तिने हात पदराखाली घेतले, पण खाज अशी होती की ते तिथे राहिनात.

"सुरण आहे हा," ती म्हणाली.

"काय?"

"सुरण. खायचा."

आजोबांनी एक डोळा उघडला. "तुला कुणी सांगितलं?"

तिने हात पुढे केले. लाल, फुगलेले, बोटं जाडजूड झालेली. "मी खाल्लाय. लहानपणी. पुष्कळ खाल्लाय. दुसरं काही नसायचं तेव्हा."

बू सुलिसने ओढणी तोंडावरून खाली घेतली. "अगं, पण तुमच्याकडे तर भात..."

"नव्हता भात."

सुजाद कंदाकडे बघत होता. मग चाचरत म्हणाला, "दरवर्षी पावसात इथे एक तण यायचं. छत्रीसारखं. मोठं होत गेलं. मग आपोआप वाळून पडायचं."

"दांड्यावर ठिपके? सापाच्या अंगावर असतात तसे?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तणाचं काय सांगायचं?"

आई वारली तेव्हा तिच्या परसातून वारतिनीने हळदीच्या गड्ड्यांचं एक पोतं आणलं होतं. लाव कुठेतरी म्हणून सुजादच्या अंगावर टाकलं आणि ती बाजाराच्या धांदलीत लागली. हळद दगडाच्या चिपांखाली मेली. पोत्यात एखादी गाठ सुरणाची असणार, ती जगली.

कार्सो आजोबांनी मिठाची पुडी पुन्हा बांधली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती सुजादच्या हातात दिली. "राहू दे. स्वयंपाकाला होईल." आणि धूप काखेत मारून निघून गेले.

पाहुणे आले तेव्हा सुजादने फूल आणि कंद नदीत टाकून अंगणात पाणी मारलं होतं. वास गेला नव्हता. वारतिनीने हात तीनदा धुतले, चिंच लावली, मीठ चोळलं. काही केल्या फरक पडेना. सलाम-दुवा करताना दोन्ही हात पुढे करावेच लागतात. बू रेत्नोंनी बोटांची टोकं हातात घेतली आणि खाली पाहिलं.

"विहीणबाई, हातांना काय झालं?"

गुलाबाचे काटे, असं उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. फुलवालीला ते शोभलंही असतं. पण आतल्या दारात पोनिरा चहाचं ताट घेऊन उभी होती, आणि ती पेल्यांकडे बघत असली तरी कान इकडेच होते.

"सकाळी सुरण उकरला," वारतिनी म्हणाली. "न्हाणीमागे उगवला होता. फुलला होता. हा वास त्याचाच आहे. मला नाव ठाऊक होतं, फूल माहीत नव्हतं."

बू रेत्नो नुसत्या "अच्छा" म्हणाल्या. त्यांचं ते अच्छा वारतिनीने आधीही ऐकलं होतं. विदुरी आतल्या खोलीच्या पडद्याआड होती, पडदा हलला.

बायूच्या आजीला कमी ऐकू येत होतं. भिंतीला टेकून पानाचा डबा मांडीवर घेऊन बसलेली म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "काय उकरलं?"

"काही नाही, आई. सुरण," बू रेत्नो हळूच म्हणाल्या.

"सुरण? तरीच! मघापासून म्हणतेय, हा वास कसला!" म्हातारी वारतिनीकडे वळली. "अगं वेडे, फुललेला सुरण कुणी उकरतं का? सगळं पाणी झालेलं असतं. पान वाळलं की काढायचा. तुझ्या आईने शिकवलं नाही?"

"शिकवलं होतं," वारतिनी म्हणाली.

"आई, चहा घ्या," बू रेत्नो म्हणाल्या.

"घेते गं. ही लहान असताना," म्हातारीने सुनेकडे बोट केलं, "हिच्या बापाचं घर आमच्या शेजारीच. ओठ खाजतात म्हणून अशी भोकाड पसरायची की अख्ख्या गल्लीला कळायचं आज यांच्याकडे सुरण आहे."

बू रेत्नोंनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. तो सारखाच होता. त्यांच्या नवऱ्याला अचानक खोकला आला. बायू मात्र खरोखर हसत होता. त्याला हे ठाऊक नसावं.

म्हातारीने पानाच्या डब्यातून बोटभर चुना काढला, वारतिनीचा हात ओढून घेतला आणि बोटांच्या बेचक्यांतून, तळहातावर, मनगटापर्यंत चोळला. मग दुसरा हात. "आता वाळू दे. कशाला हात लावायचा नाही."

त्यामुळे वाढायचं काम पोनिरावर आलं. वाजिकची वडी बू रेत्नोंच्या बशीत तिनेच ठेवली. वाजिक बू सुलिसच्या हातचा होता आणि जरा कडक झाला होता; म्हातारीने तो दातांखाली फिरवला आणि ते बोलूनही दाखवलं. वारतिनी पांढरे हात मांडीवर धरून बसली होती आणि दर थोड्या वेळाने उठायला बघत होती. दर वेळी म्हातारी तिचं लुगडं धरून खाली बसवत होती.

मागणी घातली गेली. लग्न सलाकचा मोठा हंगाम आटोपल्यावर, असं ठरलं. निघताना बू रेत्नो दारात थांबल्या, पुन्हा हात धरायला गेल्या, चुना बघून थांबल्या. "भाताचं ते," त्या इतक्या हळू म्हणाल्या की पायऱ्या उतरणाऱ्यांना ऐकू गेलं नाही, "आमच्याकडेही नंतरच आलं." आणि बेरजेचा विषय निघाला नाही.

पाहुणे गेल्यावर अंगणात भांड्यांचा ढीग होता. पोनिरा घासत होती, वारतिनी बाजूला उभी. चुना वाळून पापुद्र्यांसारखा गळत होता.

"राहू दे, मी घासते," वारतिनी म्हणाली.

"त्या हातांनी?"

कढईवरचा पाक निघत नव्हता. पोनिराने राख घेतली, जोर लावला.

"पोनिरा, सकाळी मी बोलले ना सगळ्यांसमोर..."

"ऐकलं." ती मान वर न करता म्हणाली. "काल जे बोलली नाहीस, तेही ऐकलं होतं."

कढई धुऊन तिने पालथी घातली, भिंतीला टेकवलेलं आपलं उलथनं उचललं आणि कुंपणाच्या फटीतून निघून गेली.

वारतिनीने हात धुतले. मग उरलेल्या वाजिकच्या वड्या एका ताटात मांडल्या आणि कुंपणापर्यंत गेली. पलीकडे दाराला आतून कडी होती, आत माणसं बोलत होती. ती परत आली. दुसऱ्याच्या हातचा कडक वाजिक पोनिराच्या घरी न्यायचा, म्हणजे काय न्यायचं? तिने ताट ठेवलं, झाकलं. घरात एक फेरी मारली, विदुरीला उगाच काहीतरी विचारलं. पुन्हा ताट उचललं, वड्या काढून ठेवल्या, रिकामंच ताट घेऊन कुंपणाशी गेली, कारण रिकाम्या हाताने जाता येत नव्हतं.

"पोनिरा!" तिने हाक मारली.

आतलं बोलणं थांबलं. "काय आहे?"

काय आहे, हे तिने ठरवलंच नव्हतं. ती फटीपाशी उभी राहिली, ताट या हातातून त्या हातात करत. दाराची कडी काढल्याचा आवाज आला.